चावी मी नेतो

सोजराबाईकडं कुणीही येवो, पहिलं पाणी. माणूस ओळखीचा आहे का, कशाला आलाय, सरळ आहे का वाकडा, ते सगळं नंतर. आधी तांब्या हातात. वाट चुकून चढावर आलेला कुरिअरवाला असो, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली घेऊन फोटो काढायला आलेली कंपनीतली पोरं असोत, नाहीतर मीटरचं रीडिंग घेणारा असो, बाई हातातलं काम टाकून माठाकडं जाणार. कुणी म्हणालं, "नको आजी, गाडीत बाटली आहे," तर तिला ते लागायचं. "असू द्या बाटली. ती काय पळून जातीय व्हय? घोटभर घ्या." घेतल्याशिवाय सुटका नाही. गावात तिची टिंगल व्हायची. ही म्हातारी चोरालासुद्धा पाणी पाजून वाटंला लावील, असं म्हणायचे. अगदी तसंच झालं की हो शेवटी, पण ते पुढं येईल.

चाकणच्या मागं जिथं कंपन्यांचे निळे पत्रे संपतात आणि चढ सुरू होतो, तिथं वाघदऱ्याचं रान. खाली ट्रकच्या रांगा, वर हिच्या द्राक्षाच्या ओळी. खायची द्राक्षं नव्हेत हां, वाइनची. काळी, बारकी, जाड सालीची, आत बी. तोंडात टाकली की आधी गोड लागतात आणि मग जीभ आखडते. सोजराबाईनं जन्मात वाइन चाखली नव्हती. कशी लागते, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला काय म्हाईत? पोराला शाळंत घातलं म्हून आईला विंग्रजी येतं का?"

हे रान तिच्याकडं आलं ते असं. घरचं सपाट शेत कंपनीत गेलं, पैसा आला आणि वाटण्यांची वेळ आली, तेव्हा घरात दोन भाऊ होते. थोरला मालोजी, म्हणजे सोजराबाईचा नवरा. धाकटा अर्जुन, ज्याला आता सगळं गाव अर्जुनराव म्हणतं. मालोजी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता, उजाडायच्या आत कंपनीची बस धरायचा, आणि त्याला त्या मशीनचा मनापासून वीट आला होता. त्यानं सांगून टाकलं, बंगला, रस्त्याकडेचे गाळे, काय असेल ते अर्जुनाला घेऊ द्या, मला वाघदरा द्या. लोक पोट धरून हसले. वाघदऱ्यात होतं काय? मुरूम, घाणेरीची झुडपं आणि सरडे. अर्जुनसुद्धा म्हणाला, "दादा, डोस्कं फिरलं का तुझं? तिथं शेळी सुदिक ऱ्हायची न्हाई." पण वाइनच्या कारखान्याचा माणूस येऊन माती चोळून बघून गेला आणि म्हणाला, अशीच हलकी, उताराची जमीन आम्हाला हवी असते. झालं! मालोजीनं नोकरी सोडली आणि नवरा-बायकोनं पहारीनं डोंगर खणायला घेतला. हाताची सालटी निघाली. पहिली वेल दोघांनी मिळून लावली, दक्षिणेच्या टोकाला, जिथं नुसता दगड होता. तीही जगली.

या पिकात एक दुष्ट गोष्ट आहे. घड भरलेत, मण्यांना रंग चढलाय, ऊन पेटायला लागलंय, आणि नेमकं तेव्हाच वेलीचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. वेल तहानेली राहिली की मणी फुगत नाहीत, आतला रस घट्ट होतो, गोडी चढते. पोटभर पाणी प्यालेल्या द्राक्षाची वाइन पाणचट होते. शास्त्र आहे, खोटं नाही, आणि मालोजीला ते पहिल्याच हंगामात पटलं. सोजराच्या डोक्याला पटलं, जिवाला नाही. ती चोरून हंडा घेऊन टोकाच्या वेलीशी गेली आणि मालोजीनं तिला मागून धरली. "अगं येडे, तिला गोड व्हायचंय! तू काय पानी पाजत सुटलीस?" तो हसत सुटला. त्या दिवशी अर्जुनही वर आला होता, तोही हसला. पण हसता हसता त्यानं वहिनीच्या तोंडाकडं बघितलं आणि गप्प झाला, कारण त्याला कारण माहीत होतं.

ते कारणही सांगायलाच पाहिजे. सोजरा लग्न होऊन आली तेव्हा अर्जुन शाळकरी होता, बाहीला शेंबूड पुसणारा. त्याची आई देवधर्मात आणि हुकूम सोडण्यात गुंतलेली. त्याला न्हाऊ घालणं, भाकरी चुरून देणं, मास्तरनं मारलं की पाठीला तेल लावणं, सगळं सोजरानंच केलं. मग तिला स्वतःचा मुलगा झाला. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. वर्षाचा व्हायच्या आत, भर उन्हाळ्यात, त्याला जुलाब लागले. सासूनं फर्मान काढलं, पाणी बंद. पाणी दिलं की जुलाब वाढतात. तेव्हा पुष्कळ घरांत असंच समजायचे. पोराचे ओठ सुकले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून टिपूस येईना. अर्जुन उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "वयनी, त्येला पानी दे की गं." कोपऱ्यात हंडा भरलेला होता. पण सासू दारात बसली होती आणि सोजराची छाती झाली नाही. दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं. पुन्हा तिची कूस उजवली नाही, आणि त्यानंतर तिच्यासमोर माणूस, कुत्रं, चिमणी, कुणीच तहानलेलं राहिलं नाही. आपण एवढंच करू शकतो, असं तिला वाटायचं.

पुढं मालोजीला छातीचं दुखणं लागलं. आपल्या मागं मूलबाळ नाही, उद्या भाऊबंदांनी सोजराला कोर्टात खेचायला नको, म्हणून त्यानं वाघदरा अर्जुनाच्या नावावर करून दिला. कसला भाबडेपणा हो हा! बायकोला वाचवायचं म्हणून तिच्या पायाखालची जमीनच दुसऱ्याला दिली. पण त्याच्या लेखी अर्जुन दुसरा नव्हताच. फक्त एक कर, मालोजी म्हणाला, खंडोबापुढं बेल-भंडारा उचल. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे संपलं, वर कोर्ट नाही. चार जाणत्यांसमोर अर्जुनरावानं टोपी काढली, हातात बेलाचं पान आणि भंडारा घेतला आणि म्हणाला, "वयनीच्या हातनं बागंचं नुकसान व्हत न्हाई, तवर बाग वयनीची. तिला तिथनं कुनी उठवनार न्हाई. मी न्हाई, माझी पोरं न्हाईत." मालोजीला खोकल्यातूनही हसू आलं. "सोजराच्या हातनं बागंचं नुकसान? काय बोलतोस अर्जुना?" अर्जुनराव म्हणाला, "बोलायची पद्धत असती, दादा." मालोजी निवांत झाला आणि पावसाळ्याच्या तोंडाला गेला.

नवरा गेल्यावर पहिल्या हंगामात ताणाचे दिवस आले तसा अर्जुनराव स्वतः चढून वर आला. चहा प्याला, ओळींमधून फिरला आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीला कुलूप घालून चावी खिशात टाकली. "वयनी, चावी मी नेतो. तुझा जीव ऱ्हायचा न्हाई." तिला रडूच आलं. नवऱ्यानंतर आपल्याला ओळखणारं एक माणूस आहे, असं वाटलं. तोडणीच्या दिवशी तो चावी आणि पेढे घेऊन आला. मग दरवर्षी तसंच. पाणी तोडायचं म्हटलं की अर्जुनराव येणार, चहा पिणार आणि तेच वाक्य म्हणणार. ताणाच्या दिवसांत सोजराबाई कानात बोळे घालून बसल्यासारखी बसायची, पण कुलूप होतं म्हणून निभावत होतं. तिला स्वतःचा भरवसा नव्हता आणि तो अर्जुनावर टाकून ती मोकळी झाली होती.

गेल्या दिवाळीत अर्जुनरावाचा पोरगा जयदीप वर आला, सोबत दोन गॉगलवाले. जयदीप ताथवड्याला राहतो, प्लॉटिंगचा धंदा करतो. गॉगलवाले व्ह्यू, व्ह्यू करत फिरत होते. सोजराबाईनं त्यांना पाणी दिलं, वर गूळ दिला. जयदीप म्हणाला, "काकी, किती दिवस इथं एकटी राहणार? आमच्याकडं ये की. अकराव्या मजल्यावर तुझ्यासाठी रूम काढलीय. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. इथं फार्महाऊसची स्कीम बसते बघ, एक नंबर." पण मागून अर्जुनराव चढून आला होता, त्यानं ते ऐकलं आणि पोराला परक्या माणसांसमोर असा झाडला की बस. "भंडारा उचललाय मी! माझ्या जिवात जीव हाय तवर वयनीला उठवायचं नाव काढायचं न्हाई. तिच्या हातनं काय वंगाळ झालं तर गोष्ट येगळी." गॉगलवाले खाली बघायला लागले. सोजराबाईची मान ताठ झाली. आपण भाकरी चुरून मोठा केलेला पोरगा आपल्यामागं कसा पहाडासारखा उभा राहिला! शेवटचं वाक्य तिनं कानाआड केलं. जयदीपनं मात्र बरोबर ऐकलं, आणि बापलेक उतरताना हळू आवाजात बोलत गेले.

यंदा फेब्रुवारीतच उन्हानं हैदोस घातला. मिनल येऊन घड बघून गेली. मिनल वाइनच्या कारखान्याकडून बागा बघायला येते. संत तुकाराम नगरची पोरगी. तिचे वडील विलास पिंपरीच्या कारखान्यात मालोजीच्याच खात्यात होते, त्यामुळं ती सोजराबाईला काकू म्हणते. मिनलनं मणी चुरगाळून गोडी मोजली, सांगितलं, "काकू, झकास आहे. आता पाणी तोडा." दुसऱ्या दिवशी अर्जुनराव आला. चहा प्याला. ओळींमधून फिरला. मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं, घरात येऊन पाणी मागितलं, प्याला, आणि गेला. तो उतारावर दिसेनासा झाल्यावर सोजराबाईचं लक्ष गेलं. चावी माठाच्या वरच्या खिळ्याला अडकवलेली.

तिनं लगेच फोन लावला. "अर्जुना, आरं चावी हितंच ऱ्हायली बघ."

"ऱ्हाऊ दे की वयनी," तो म्हणाला. "आता काय तू नवी हायेस का? तुझ्यावर सोडली म्हन."

बाई दिवसभर हवेत. तुझ्यावर सोडली! तिनं खिळ्यावरची चावी पदरानं पुसली. मालोजीच्या फोटोला जाऊन सांगितलं, "बघा, आता मला चावी सांभाळाया येती." लहान पोरीला पहिल्यांदा घराची किल्ली द्यावी तशी ती खूश. आता कुणाला काय सांगायचं! माणूस ज्याला मान समजून डोक्यावर घेतं तो फास असतो, हे कळायला डोळे लागतात, आणि सोजराबाईचे डोळे त्या माणसाच्या बाबतीत पहिल्यापासून बंद होते.

ठरलेली तोडणी आली आणि पुढं गेली. कारखान्यात आधीचा माल पडून होता, टाक्या रिकाम्या नव्हत्या. मिनलनं फोन केला, "काकू, थोडं थांबावं लागतंय." पुन्हा फोन केला, अजून थोडं. इकडं डोंगर तापलेल्या तव्यासारखा झालेला. खालची पानं पिवळी पडली, मग वरची कडेनं करपायला लागली. सोजराबाई म्हणाली, "मिनल, पोरी, अगं वेली माना टाकायला लागल्या." मिनल म्हणाली, "काकू, मला कळतंय. पण वेल मरत नाही हो एवढ्यानं. मुळं खोल असतात. दोन दिवस कळ काढा, गाडी पाठवतेच. आणि काय वाटेल ते झालं तरी पाणी सोडू नका, मणी तडकतील." पोरीचं अक्षर न् अक्षर खरं होतं. सोजराबाईलाही ते माहीत होतं. तिनं चावी खिळ्यावरून काढून डब्यात ठेवली, डबा फडताळात ठेवला, फडताळाला कडी लावली. कडी लावून घराबाहेर बसली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दक्षिणेच्या टोकाला गेली. कशाला गेली? कुणी सांगितलं होतं? तिथं पहिली वेल होती, दोघांच्या हातची. तिनं एका पानाला हात लावला आणि पान पापडासारखं चुरलं. दुसरं चुरलं. शेंडा खाली लोंबत होता. वेलीला तोंड नसतं, ओठ नसतात, हे तिला का कळत नव्हतं? कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं वेल नव्हतीच. कोपऱ्यात भरलेला हंडा होता, उंबऱ्यात उभा राहिलेला पोरगा होता, आणि "पानी दे की गं" एवढेच शब्द होते. वर शेततळं भरलेलं, खाली पानं चुरतायत, आणि यावेळी दारात कुठली सासू बसलेली नव्हती. ती पळत घरात गेली. कडी, फडताळ, डबा, चावी. मोटारीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि खटका दाबला. सगळ्या बागेला एकच व्हॉल्व्ह, टोकाच्या वेलीला द्यायचं म्हणजे सगळ्यांनाच द्यायचं. ठिबकच्या नळ्यांतून थेंब पडायला लागले आणि जमीन ते नुसतं पीत सुटली. बाई मातीत फतकल मारून बसली आणि म्हणाली, "प्या गं बायांनो, प्या." त्या दुपारी ती जेवढी सुखात होती तेवढी नवरा गेल्यापासून कधी नव्हती, हेही खरंच सांगितलं पाहिजे.

सकाळी पानांनी माना उचलल्या. ती हरखली आणि तिनं पुन्हा थोडं सोडलं. त्याच्या पुढच्या सकाळी मणी तडकले.

एक-दोन नव्हे. ओळीच्या ओळी. सुकून बसलेल्या सालीच्या आत अचानक पाणी भरलं, साल फाटली, रस बाहेर आला. दुपारपर्यंत गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या आणि बागेला आंबूस वास सुटला. सोजराबाईनं लपवलं नाही. मिनलला स्वतः फोन करून सांगितलं, "मी पानी सोडलं गं." मिनल धावत आली, घड हातात घेऊन उभी राहिली. तिनं गोडी मोजली तीही उतरली होती. "काकू, हा माल नाही घेता येणार. पण वेलींना काही झालेलं नाही, ऐकताय का? छाटणी करा, पुढच्या वर्षी पुन्हा पीक आहे. एका हंगामाचंच गेलंय." सोजराबाईनं मान हलवली. मिनलला बेल-भंडाऱ्याचं काही माहीत नव्हतं.

अर्जुनराव बागेत आलाच नाही. निरोप आला, खंडोबाच्या देवळात ये.

देवळात तेच चार जाणते, थोडे आणखी वाकलेले. जयदीप खांबाला टेकून मोबाइल बघत उभा. अर्जुनराव बोलला ते अगदी हळू, दुःखानं बोलल्यासारखं. दादाला शब्द दिला होता, तो आजवर पाळला. पोराला परक्यापुढं झाडला, पण शब्द पाळला. शब्द काय होता? वयनीच्या हातनं नुकसान होत नाही तवर. आता सगळ्यांनी जाऊन बाग हुंगून यावी.

"वेली जित्या हायेत," सोजराबाई म्हणाली. "एका सालाचं पीक गेलं. बाग न्हाई गेली."

"नुकसान म्हंजी नुकसान, वयनी. त्यात काय सालाचं आन् जलमाचं असतंय?"

जाणत्यांतला एकजण खाकरला. शब्द तसाच होता, म्हणाला. दुसऱ्यानं मान डोलावली. सोजराबाईनं पायरीकडं बघितलं. या पायरीवर तिनं अर्जुनाला कडेवर घेऊन आणलं होतं, जत्रेत, पायात काटा मोडला म्हणून. मग तिनं मान वर केली.

"अर्जुना, येकच इचारते. दरसाली चावी नेत व्हतास. औंदा इसरलास, का ठिवलीस? भंडारा उचलून सांग."

"काकी, आता कशाला तो विषय..." जयदीप पुढं आला. अर्जुनरावानं हातानं त्याला थांबवलं. टोपी काढली. गाभाऱ्यासमोर जाऊन मुठीत बेल आणि भंडारा घेतला. त्या घटकेला सोजराबाईच्या मनात काय होतं सांगू? ती मनातल्या मनात त्याला विनवत होती. खोटं बोल बाबा. इसरलो म्हण. देवाची शपथ खोटी घेतलीस तरी चालेल, मी इस्वास ठेवते, मी गुमान ताथवड्याला जाते, पण इसरलो म्हण.

"देवापुढं खोटं बोलायचो न्हाई," अर्जुनराव म्हणाला. "इसरलो न्हाई. ठिवली."

"मी पानी सोडनार, तुला ठावं व्हतं."

"बारक्याच्या येळपासनं ठावं हाय." त्यानं भंडारा कपाळाला लावला. "पन खटका तू दाबलास, वयनी. हात तुझा. माझा शब्द साबूत हाय."

छत कोसळलं नाही, दिवा विझला नाही. देव पितळी डोळ्यांनी बघत राहिला. मग चपला घालता घालता तो खाकरलेला म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "मानूस खरा हां अर्जुनराव. दुसरा आसता तर सरळ इसरलो म्हनला आसता." आणि दुसऱ्याला ते पटलं! जळो ती खरं बोलायची हौस. जयदीपनं तिथंच कुणाला तरी फोन लावला, "हां, झालं. उद्या पाठव मशीन."

सोजराबाई एकटी चढून वर आली. दिवस अजून कासराभर वर होता. तिनं बोचकं बांधलं, त्यात दोन लुगडी, मालोजीचा फोटो आणि दगडी खलबत्ता. मग मोटारीची खोली उघडली आणि खटका दाबला. आता कुणाला गोडी पाहिजे होती? कुणाला रस घट्ट व्हायला पाहिजे होता? दर ताणाला ज्या वेली तिनं काळजावर दगड ठेवून तहानलेल्या ठेवल्या होत्या, त्यांना एकदा तरी पोटभर पाजायचं राहून जात होतं. शेततळं रिकामं होईपर्यंत तिनं मोटार चालू ठेवली. ओळीओळींतून पाणी साचलं, मुरूम भिजून काळा झाला. ती प्रत्येक वेलीशी जाऊन बघून आली.

सकाळी जेसीबी धडधडत वर आला. चालवणारा लातूरकडचा तरणा माणूस होता. सोजराबाईनं त्याला आधी पाणी दिलं. तो घटाघट प्याला, खाली उतरून बुटानं माती दाबून बघितली आणि खूश झाला.

"आजी, पाणी तुम्ही सोडलाव का? लई बेस केलाव बघा. कोरड्या मुरमात मुळ्या तुटतेत, अन् दिवसभर झक मारावं लागतं. आता कशा मुळासकट सरसर येतेत बघा."

आणि खरंच आल्या. दक्षिणेच्या टोकापासून त्यानं सुरुवात केली. पहिली वेल तारेसकट उचलली तेव्हा तिची मुळं पुरुषभर लांब निघाली, ओली, माती गळणारी, कुठं तुटलेली नाहीत. मिनल खोटं बोलली नव्हती, मुळं खोल होती. सोजराबाई ओट्यावर बसून बघत राहिली. दोघांनी डोंगर खणायला वर्षं घालवली होती, आणि तिच्या पाण्यानं तो मोकळा व्हायला अख्खी सकाळसुद्धा लागली नाही.

ऊन चढल्यावर अर्जुनराव वर आला. चढानं त्याला धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे पडले होते. तो ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि टोपीनं वारा घेत म्हणाला, "पानी दे गं वयनी."

सोजराबाई उठली. आज देणार नाही, असं तिनं रात्रीपासून ठरवलं होतं. सगळ्या जगाला देईन, याला नाही. ती माठाशी जाऊन उभी राहिली. मागून त्याच्या घशाचा कोरडा आवाज आला, आणि तिचा हात तिच्याआधीच माठात गेला. तिला स्वतःच्या हाताचा संताप आला. तिनं तांब्या भरला, बाहेर आणला आणि त्याच्यापुढं धरला.

अर्जुनरावानं तांब्या उचलून रिकामा केला. मिशा पुसल्या, तांब्या ओट्यावर ठेवला आणि मोकळा हात पुढं केला.

"वयनी," तो म्हणाला, "चावी मी नेतो."

तिनं कनवटीला लावलेली चावी सोडून त्याच्या हातावर ठेवली.